सहाव्या लेनची मुलगी: १०० की २००, आणि पुढे काय?

एका वडिलांचं पत्र आलंय. प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत आहे, वय चौदा पूर्ण. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत १०० मीटरला पहिली आली, वेळ १२.४. त्याच दिवशी दुपारी २०० मीटरला सहाव्या लेनमधून धावली आणि २८.९ मध्ये चौथी आली. पीटीच्या सरांचं मत पडलं, ‘पोरीत स्पीड आहे, दम नाही, १०० वरच ठेवा.’ गावात ‘दुसरी पी. टी. उषा’ असा फ्लेक्सही लागला. वडील विचारतात: १०० वरच ठेवायचं का, दहावीच्या तोंडावर निवासी क्रीडा प्रबोधिनीत घालायचं का, आणि या धावण्यातून पुढे पोटापाण्याचं काही होतं का?

आता वडिलांशीच बोलतो. तुम्ही जाता जाता दोन बारीक गोष्टी लिहिल्यात, त्या मला मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. मैदान २०० मीटरचं होतं आणि फक्की मारताना टेपचं एक टोक तुमच्या हातात होतं. सहाव्या लेनचा स्टार्ट पहिल्या लेनच्या साधारण १९ मीटर पुढे आखला. आणि १०० मीटरला टाइमकीपर क्लॅपरच्या (आपटून आवाज काढायच्या दोन फळ्यांच्या) आवाजावर घड्याळ दाबत होते. या दोन ओळी धरून हिशेब मांडला, तर सरांनी काढला त्याच्या नेमका उलटा निष्कर्ष निघतो. आधी तो हिशेब, मग उषा, मग पुढचं.

स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनला स्टार्टला दिलेली आघाडी, कुठून येते? बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं, म्हणून. लेनची रुंदी १.२२ मीटर धरली तर एका पूर्ण फेरीत, म्हणजे दोन वळणांत, प्रत्येक लेनला आतल्या लेनपेक्षा २ × ३.१४१६ × १.२२ = ७.६७ मीटर जास्त पडतात. वळणाची त्रिज्या कितीही असो, हा फरक बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की शर्यतीत वळणं किती आली.

४०० मीटरच्या ट्रॅकवर २०० मीटरची शर्यत म्हणजे एक वळण आणि एक सरळ पट्टा. तिथे प्रत्येक लेनला निम्मा स्टॅगर, ३.८३ मीटर (दुसऱ्या लेनला ३.५२, कारण आतला उंच कठडा असेल तर पहिली लेन त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या लेन रेषेपासून २० सेंटिमीटरवर). मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेला तक्ता हाच. पण २०० मीटरच्या मैदानावर २०० मीटर म्हणजे पूर्ण फेरी, दोन वळणं. तिथे प्रत्येक लेनला पूर्ण ७.६७ लागतात, आणि फक्कीच्या रेषेला कठडा नसल्यामुळे दुसऱ्या लेनलाही तेवढेच. सहाव्या लेनला हवेत ५ × ७.६६५५ = ३८.३३ मीटर. तुमच्याकडे दिले १९. शर्यत २०० ची म्हणून तक्ता २०० चा उघडला, आणि मैदान कितीचं हे बघायचं राहिलं. शालेय स्पर्धांत फार जुनी आणि फार सर्रास होणारी चूक आहे ही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पहाटे सहाला आखणी सुरू होते, आठला पाहुणे येतात.

म्हणजे तुमची मुलगी २०० नाही, २१९ मीटर धावली.

पडताळा सोपा आहे. निकालपत्रक मागून घ्या आणि पहिले तीन नंबर कुठल्या लेनचे होते ते बघा. या चुकीत दुसऱ्या लेनला ४.१ मीटर, तिसरीला ८.०, चौथीला ११.८, पाचवीला १५.६ मीटर जास्त पडतात, पहिलीला शून्य. पहिले तिन्ही नंबर एक, दोन, तीन या लेनचे असतील तर शंका घ्यायला जागाच नाही. आणि सहाव्या लेनमधून चौथी येणं म्हणजे तिनं बऱ्याच जणींना मागे टाकलंय.

आता वेळ. शेवटच्या १९ मीटरला मुलगी दमलेली असते. सेकंदाला सात मीटरचा वेग धरू. १९ मीटरला २.७ सेकंद लागतात. २८.९ मधून ते वजा केले की २०० मीटरची वेळ २६.२ च्या आसपास येते. त्यात २०० मीटरच्या मैदानाची वळणं फार आवळ. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकची आतली त्रिज्या ३६.५० मीटर असते; तुमच्याकडे ती अठरा-वीसच्या घरात असणार. त्रिज्या निम्मी झाली की त्याच वेगाला बाहेरची ओढ दुप्पट होते, पाय वळणातच खर्च होतात. म्हणजे २६.२ ही वेळसुद्धा तिच्यावर थोडा अन्यायच करणारी आहे.

१०० च्या वेळेचं उलटं आहे, ती तिला जास्तच झुकतं माप देते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. क्लॅपर स्टार्टला वाजला, टाइमकीपर १०० मीटर लांब फिनिशला उभा. आवाज पोचायला ०.२९ सेकंद लागतात. तोवर मुलगी निघालेली असते. आवाजावर घड्याळ दाबलं की ०.२९ फुकट मिळाले. म्हणून नियम असा आहे की पिस्तुलाचा धूर किंवा चमक बघून घड्याळ दाबायचं, आणि क्लॅपर असेल तर फळ्या मिटताना बघून. त्याशिवाय, धूर बघून नीट घेतलेली हाताची वेळही इलेक्ट्रॉनिकपेक्षा कमीच येते, कारण सुरुवातीला बोट उशिरा हलतं आणि फिनिशला धावपटू येताना दिसत असल्यामुळे बोट वेळेवर, कधी आधीच, पडतं. १०० आणि २०० साठी हा फरक ०.२४ धरतात, ४०० साठी ०.१४.

१२.४ + ०.२९ + ०.२४ = १२.९३. ही तिची १०० ची खरी वेळ, अर्थात ढोबळमानानं. वाऱ्याचा तर विचारच केलेला नाही; पाठीमागून सेकंदाला २ मीटरचा वारा असला तर साधारण दहावा हिस्सा सेकंद तोही देतो, आणि त्याच्या पुढे गेला तर विक्रम धरत नाहीत.

२०० ला मात्र आवाजाचा घोळ जवळपास नाही. २०० मीटरच्या मैदानावर स्टार्ट आणि फिनिश शेजारी-शेजारीच असतात. स्टार्टर टाइमकीपरपासून फार तर तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे २६.२ मध्ये आवाजाचे ०.१ आणि हाताचे ०.२४ मिळवा: २६.५ च्या आसपास.

आता दोन्ही शेजारी ठेवा. १२.९३ ची दुप्पट २५.८६. तिची २०० ची वेळ त्याहून सहा-सात दशांश जास्त. या वयात, वळणावर धावायचं कुणी शिकवलेलं नसताना, दुप्पटीवर एक ते दीड सेकंद जाणं नेहमीचं असतं. दुप्पटीचा हा हिशेब वापरतात त्याचं कारण असं: पहिल्या १०० मीटरमध्ये उभ्यानं वेग घ्यावा लागतो, दुसरे १०० मीटर पळत्या सुरुवातीचे असतात. न दमणाऱ्या धावपटूची २०० ची वेळ दुप्पटीपेक्षा कमीच यायला हवी. जितकी वर जाते तितका वेग गळतो. ‘दम नाही’ म्हणून जिचं नाव कापलं, तिचा वेग फारसा गळतच नाही. उलट सुरुवातीचा झटका कच्चा दिसतो. हे आकडे अंदाजाचे आहेत, खात्री चाचणीनं करायची, ती खाली सांगतो.

फ्लेक्सवरच्या नावाकडे येतो, कारण उषाचं उदाहरण तुम्हाला खरंच उपयोगी आहे. फक्त फ्लेक्सवाल्यांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

१९७६ मध्ये केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला, चाळीस मुली निवडल्या. त्यात पय्योळीकडची बारा वर्षांची उषा होती. तिला हेरणारे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार, हवाई दलातून आलेले. १९७८ ला कोल्लमच्या ज्युनियर आंतरराज्य स्पर्धेत तिनं सहा पदकं घेतली. तेव्हा ती चौदा वर्षांची, म्हणजे तुमच्या मुलीएवढीच. ही पदकं कशाकशाची होती बघा: १००, २००, ६० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) आणि उंच उडीत सुवर्ण, लांब उडीत रौप्य, ४ × १०० रिलेत कांस्य. चौदाव्या वर्षी तिला ‘१०० ची धावपटू’ म्हणणं शक्यच नव्हतं. ती पळत होती, उड्या मारत होती, हर्डल ओलांडत होती. मला विचाराल तर तिच्या सगळ्या शालेय कामगिरीत डोळ्यात भरण्यासारखं हेच आहे.

दोन वर्षांनी, १९८० ला, ती मॉस्को ऑलिम्पिकला १०० मीटर धावली. वय सोळा. वेळ १२.२७, हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) पाचवी, स्पर्धा तिथेच संपली. आपल्या मुलीच्या १२.९ शी ही वेळ ताडून बघा, म्हणजे फ्लेक्स उतरवायची इच्छा आपोआप होईल. ‘देशात पहिली, जगात हीटमध्ये बाहेर’ हे १०० मीटरचं वास्तव तेव्हाही होतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० दोन्हींत रौप्य. १९८३ ला कुवेतच्या आशियाई स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण. आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत ५५.४२, चौथी, कांस्य ५५.४१ ला गेलं. महिलांची ४०० हर्डल्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती.

त्या एक शतांशावर चाळीस वर्षं हळहळ चालू आहे. मापात सांगायचं तर ५५.४२ ला सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर, एक शतांश म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. फिनिशची रेषा डोक्यानं, हातानं किंवा पायानं गाठलेली धरत नाहीत, धड रेषेवर यावं लागतं. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायची असते. मुलांना हे शिकवताना एक काळजी घ्या: वाकणं फक्त शेवटच्या एका पावलाला. तीन-चार मीटर आधीच वाकलं तर पाऊल आखडतं आणि तेच सात सेंटिमीटर उलटे जातात.

पण हळहळीपेक्षा तिच्या वेळा जास्त शिकवतात. १९८५ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिनं पाच सुवर्णं आणि एक कांस्य घेतलं. १०० मध्ये ११.६४, २०० मध्ये २३.०५. दुप्पट करा: २३.२८. तिची २०० दुप्पटीपेक्षा खाली आहे. त्याच स्पर्धेत ४०० मध्ये ५२.६२ आणि ४०० हर्डल्समध्ये ५६.६४, फरक ४.०२. पुढच्या वर्षी सोल एशियाडला ५२.१६ आणि ५६.०८; फरक ३.९२. एका पाठोपाठ एक शर्यतींत घेतलेल्या या वेळा आहेत, तरी दोन्ही वर्षी फरक चारच्या आसपासच राहतो. मुरलेल्या महिला हर्डलर्सचा हा फरक दोन-तीन सेकंदांचा असतो. म्हणजे उषा हर्डल ओलांडण्यात वेळ घालवत होती आणि सपाट वेगावर तो भरून काढत होती. जगात चौथी आली ती स्प्रिंटरच्या पायांवर, वेग न गळण्याच्या गुणावर. १०० मध्ये तो गुण दाखवायला अंतरच पुरत नाही. सोलला १०० मध्ये फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगानं तिला मागे टाकलंच. २००, ४०० आणि ४०० हर्डल्स मात्र उषानं जिंकल्या.

तिचा ५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम ३९ वर्षं टिकला. २०२३ ला हांगझोऊ एशियाडच्या हीटमध्ये वित्या रामराजनं बरोबर तेवढीच वेळ देऊन त्याची बरोबरी केली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग पहिली येणारी मुलगी स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची लांब शर्यत) वळली आणि २०१६ ला रिओत ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावली. ती स्प्रिंटर नव्हे, पण मुद्दा तोच: गाजलेला प्रकार एक, पुढे नेणारा प्रकार दुसरा.

आता चाचणी. दोन आठवड्यांत तीन दिवस काढा, मधे किमान दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. तीस मीटरचा फायबर टेप घ्या. पावलाच्या अंदाजानं मोजू नका.

पहिल्या दिवशी उभ्या सुरुवातीनं ३० मीटर आणि ‘फ्लाइंग २०’. फ्लाइंग २० साठी पंचवीस मीटर धावत येऊन वेग घ्यायचा आणि मधल्या फक्त २० मीटरची वेळ मोजायची. स्टॉपवॉच इथे कुचकामी. दोन दशांशाची चूक म्हणजे जवळपास दहा टक्के. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ वापरा, सेकंदाला २४० चित्रांचा. मोबाइल धावपट्टीपासून पंधरा-वीस मीटर लांब, दोन खुणांच्या बरोबर मध्यावर, तिवईवर. खुणेच्या काठ्या मुलीच्या पलीकडे लावल्यात तर कॅमेऱ्यातून त्या तिरप्या दिसतात आणि अंतर २० पेक्षा कमी मोजलं जातं. म्हणून काठ्या ती धावते त्याच रेषेवर, अगदी खांद्याला लागतील न लागतील अशा लावा. कंबर पहिल्या काठीला आली ते चित्र आणि दुसऱ्या काठीला आली ते चित्र, मधली चित्रं मोजून २४० नं भागा. तीन वेळा धावू द्या, मधे पाच-सहा मिनिटं पूर्ण विश्रांती. १२.९ च्या मुलीला २.३ ते २.४ अपेक्षित आहे. २.२५ च्या आत आली तर तिच्या पायात १०० च्या वेळेपेक्षा जास्त वेग आहे आणि तो स्टार्टमध्ये अडकलाय, असं समजा.

दुसऱ्या दिवशी १५० मीटर, एकदाच. तिसऱ्या दिवशी ३०० मीटर, एकदाच, आणि ‘जोर लाव’ एवढंच सांगून. वेगाची वाटणी तिची तिला करू दे. ४४ सेकंदांच्या आत आली तर ४०० आणि ४०० हर्डल्सचं दार उघडं आहे. ४७-४८ ला गेली तरी १०० वर शिक्का मारू नका. पहिल्यांदा ३०० धावणारी मुलं पहिले ऐंशी मीटर जीव तोडून धावतात आणि मग चालत येतात. महिन्यानं परत घ्या.

सरावाबद्दल फार लांबवत नाही, पण शाळेच्या मैदानावर हमखास बिघडतं ते सांगतो. ‘दम वाढवायला’ रोज दहा राउंड मारायला लावणं. यानं स्प्रिंटरचा दम वाढत नाही, नडग्या दुखायला लागतात. आठवड्यात वेगाचे दिवस दोन, फार तर तीन. त्या दिवशी पूर्ण जोराच्या धावण्याचं एकूण अंतर २५० ते ३०० मीटर. उदाहरणार्थ २० मीटरच्या चार, ३० च्या चार आणि फ्लाइंग २० च्या तीन. दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती. बघणाऱ्याला वाटतं पोरगी नुसती उभी आहे. उभं राहू दे. दम लागलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही, हळू पळणं मात्र पक्कं होतं. एक दिवस वळणाचा: ६० ते ८० मीटर, आतल्या बाजूला किंचित कलून, डावा खांदा खाली, उजवा हात छातीसमोरून थोडा आत. एक दिवस उड्या आणि हर्डल्स.

हर्डल्ससाठी लोखंडी स्टँड आणायची घाई नको. पीव्हीसी पाइप किंवा बांबू, उंची ५० ते ६० सेंटिमीटर, धक्का लागला की पडेल असा नुसता टेकवलेला. अडकून पडलेली मुलगी पुढच्या वेळी हर्डलसमोर पावलं आखडते, आणि ती सवय काढायला वर्ष जातं. डावा-उजवा दोन्ही पाय पुढे टाकून ओलांडायला शिकवा. कारण पुढे ४०० हर्डल्समध्ये ७६.२ सेंटिमीटरची दहा हर्डल्स असतात. पहिलं ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरवर, आणि शेवटच्यानंतर ४० मीटर. ३५ मीटरमधून ओलांडण्याचे तीन गेले की ३२ उरतात. सतरा पावलांत यायचं तर पाऊल १.८८ मीटरचं, पंधरा पावलांत यायचं तर २.१३ चं. पावलं विषम असली की दर वेळी एकच पाय पुढे येतो. सोळा झाली की बदलतो. दमल्यावर पंधराची सोळा होतातच. तेव्हा दुसऱ्या पायानं ओलांडता आलं नाही तर मुलगी हर्डलसमोर चक्क थांबते.

स्टार्टिंग ब्लॉक असेल तर पुढचा ब्लॉक रेषेपासून तिच्या दोन पावलांच्या लांबीवर, मागचा तीनवर, इथून सुरुवात. ‘सेट’ला पुढच्या गुडघ्यात काटकोन, मागच्यात त्याहून मोकळा कोन, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर. पहिल्या दोन पावलांनंतर ताडकन सरळ उभं राहणं ही सगळ्यांची चूक. ते सहसा पायांत ताकद नसल्यामुळे होतं, ओरडून सुधारत नाही. सिंथेटिकवर स्पाइक्सचे खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ चे लावतात. मातीच्या मैदानावर १२ चे. मातीचे तसेच घालून बालेवाडीला गेलात तर कॉलरूममध्येच अडवतील.

आणखी एक गोष्ट, जी वडील विचारत नाहीत आणि सर बोलत नाहीत. पाळी नियमित येते का, हे आईनं लक्षात ठेवायचं. तीन महिने चुकली तर ‘सराव जास्त झाला असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरकडे जायचं; खाणं कमी पडतंय याची ती पहिली खूण असते, आणि हाडांना बारीक तडे त्यानंतर जातात. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन, जमल्यास फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा). वेळ अचानक बिघडली की आधी रक्त तपासा, मग शिव्या द्या. जिममधल्या कुणी दिलेली पावडर किंवा ‘ताकदीचं’ इंजेक्शन अजिबात नको; उत्तेजक चाचणी शालेय वयाच्या खेळाडूंचीही होते, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर धरत नाहीत. चौदा ते सोळामध्ये अंग भरतं आणि वर्षभर वेळ जराही हलत नाही, कधी मागेही जाते. बऱ्याच मुली नेमक्या तेव्हा सोडतात. त्या वर्षी १०० ची वेळ बघायचीच नाही, फ्लाइंग २० आणि उड्यांची मापं लिहून ठेवायची.

प्रबोधिनीबद्दल. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी निवासी आहेत, राहणं-खाणं-शाळा-सराव एकत्र. उषाला कण्णूरनं दिलं ते हेच होतं. पण नाव बघून जाऊ नका. तिथे स्प्रिंट आणि हर्डल्स बघणारा प्रशिक्षक आज आहे का, मुलींच्या वसतिगृहात रात्री महिला अधीक्षक असतात का, जखमी मुलांचं काय करतात, या तीन गोष्टी तिथल्या दहावी-बारावीच्या मुलींना विचारा. कार्यालयात विचारून कळत नाही. तिन्ही उत्तरं पटली तर नक्की घाला. नाही पटली तर दहावी घरून होऊ द्या; आठवड्याला पाच दिवस दीड तास सराव या वयाला पुरतो.

वयाचे कागद आत्ताच तपासा. शालेय स्पर्धेचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. ॲथलेटिक्स महासंघाच्या स्पर्धांचे १४, १६, १८ आणि २०. वरच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. शाळेत घालताना कुणी तारीख पुढे-मागे केली असेल, तर ती तिथे उघडी पडते आणि बंदी मुलीवर येते. आधार, शाळेचा दाखला आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच असायला हवी.

नोकरीचं सरळ सांगतो. तालुका-जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पद जितकं वरचं तितकी स्पर्धाही वरची लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. पडताळणीत अडकतात ती बहुतेक प्रकरणं खोटी नसतात. निकालपत्रक हरवलेलं असतं, किंवा किती जण धावले याची नोंद नसते. म्हणून प्रत्येक स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्रक आणि प्रमाणपत्र त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत जातो. रेल्वे आणि पोलीस दलं खेळाडू घेतात. उषाची नोकरीही रेल्वेतलीच, आणि त्या पगाराच्या आधारावर ती लग्न-बाळंतपणानंतर परत येऊ शकली: १९९८ ला फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी, २०० आणि ४०० मध्ये कांस्य, ४ × १०० मध्ये सुवर्ण. २००२ ला तिनं केरळात स्वतःची शाळा काढली. तिथली टिंटू लुका ८०० मीटरची राष्ट्रीय विक्रमवीर झाली. २०२२ ला उषा राज्यसभेवर गेली आणि त्याच वर्षी भारतीय ऑलिम्पिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. एवढं प्रत्येकीला जमणार नाही. पण पदवीसोबत बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा हा रस्ता राष्ट्रीय पदक नसलेल्या धावपटूलाही खुला असतो, आणि राज्यात स्प्रिंट शिकवणारी माणसं कमीच आहेत.

राहता राहिली ही २०० ची शर्यत. निकालावरची हरकत निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात घ्यायची असते, ती वेळ गेली. जिल्ह्याला १०० मधून ती जाईलच. २०० साठी सरांना भांडायला लावण्यापेक्षा वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, आकृती काढून. बहुतेक सर ऐकतात. पुढच्या वर्षी फक्की मारताना टेप परत तुमच्याच हातात असेल, तेव्हा मैदान २०० चं असेल तर दर लेनला ७.६७, आणि सहाव्या लेनचा स्टार्ट ३८.३३ वर.